चिंबोरीच्या नांग्या

शहाण्णव सालची गोष्ट. कोपरीतल्या दवाखान्यात नंदा नंबरची वाट बघत बसलेली. लेकीचा ताप दोन दिवसांत उतरला, तर आता गोळ्या बंद करू का, एवढंच तिला डॉक्टरांना विचारायचं होतं. शेजारी पायाला पट्टी बांधलेला दामाजी नाखवा बायकोवर करवादत होता.

"शिंगाला माशाचा काटा लागून पंधरा दिस झाले, आवडे. ज्या गोलीनं पाय बरा झाला नाय, तीच जुनी गोली डॉक्टरनं परत लिवली!"

"तीच, पन एकटी नाय. जोडीला दुसरं औषध हाय त्यात."

"ते काय करतंय?"

"जंतूला नांगी हाय. जुनी गोली पोटात गेली की तो तिला कचाकचा तोडतो. दुसरं औषध पयली त्याची नांगी बांधतंय, मंग जुनी गोली त्याला मारतेय."

"डॉक्टर बोलला नांगी?"

"डॉक्टर बोलला कातर. कातर कोन बांधतंय? नांगीच असंल. चालीस वर्सं चिंबोऱ्या-खेकड्यांच्या नांग्या दोरीनं बांधते मी, मना नका शिकवू."

"बरं. तीन दिसांनी ठणका थांबला, की बंद ना?"

"मागल्या खेपेला तेच केलंत. आता सातवी रात होईपर्यंत खायाच्या."

"अगं, पन दुखलंच नाय तर?"

"चिंबोरी गप बसली, म्हनून टोपात टाकायच्या आदी तिची दोरी सोडते का मी?"

दामाजी बोटांवर सात राती मोजू लागला.

"नंदा घडशी, आत या," कंपाउंडरने हाक मारली.

"राहू द्या, माझं काम झालं," म्हणत नंदा दारातल्या चपला शोधू लागली.