जामीनदार म्वाकालिंगा

—नाही, बस. उठू नकोस. दार लोटलंय ते धुकं आत येतं म्हणून, तुला घाबरवायला नाही. तुझे कर्जाचे कागद वाचलेत मी, बुपे. याआधी दोनदा आलीस, दोनदा कारकुनाने सांगितलं की तुसेकिलेबाई दूधकेंद्रावर गेल्यात — नव्हते गेले मी. इथेच होते, या पडद्यामागे, आल्याचा चहा पीत. तुझा आवाज ऐकत होते. कशाला? बापासारखा आहे का बघायला. नाही, आवाज तुझा आईवर गेलाय. पण आडनाव कुठे जातंय? आपल्या तुकुयू गावात म्वाकालिंगा पुष्कळ आहेत, म्हटलं असेल कुणी दुसऱ्या घरची. मग खाली जामीनदाराच्या रकान्यात बघते तर — सायमन म्वाकालिंगा, निवृत्त बँक व्यवस्थापक. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेच नाव. त्या दिवशी जेवले नाही मी. भूक मेली म्हणून नाही गं — पोट भरलं म्हणून.

अवाकाडोसाठी थंड खोली बांधायची, फळ झाडावरून उतरलं की तिथे ठेवायचं, व्यापारी पाडून मागेल त्या भावाने द्यायचं नाही. बरोबर ना? चांगलं आहे. आमच्या पतसंस्थेकडे यंदा जेवढे अर्ज आले त्यांत सगळ्यात चांगलं तुझंच आहे, म्हणून तर जास्त राग येतो. मूर्खपणाचं काही मागितलं असतंस तर हसून परत पाठवलं असतं. मोठ्या बँकेत गेली होतीस ना आधी? म्बेयाला? काय म्हणाले? सांगू नकोस, मीच सांगते. जमीन कुणाच्या नावावर. तुझ्या नाही. नवरा कुठाय. नाहीये. मग तारण काय — झाडावरची फळं? फळं कुजतात, बाई. असंच म्हणाले ना? अगदी असंच? बघ. माणसं बदलतात, खुर्च्या बदलतात, वाक्य तेच राहतं. ते वाक्य या गावात कुणी आणलं, विचार घरी जाऊन.

तुला ठाऊक नाही. कशी असणार, तू तेव्हा शाळेत होतीस, पांढरे मोजे घालून गाडीतून जायचीस — पाहिलंय मी तुला. माझा नवरा गेलेला. मी आणि माझी धाकटी बहीण ग्वांत्वा, दोघींच्या मिळून गाई. पावसाळ्यात दूध इतकं की कासेत मावायचं नाही, आणि संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत टिकायचं नाही. केळीच्या बुडाशी ओतायचो. स्वतःच्या हाताने दूध चिखलात ओतलंयस कधी? पहिल्यांदा रडू येतं, मग येत नाही, ते जास्त वाईट. तेव्हा ग्वांत्वाच म्हणाली, चौकात दूध गार करायची टाकी बसवू, उतारावरच्या सगळ्या बायकांचं दूध घेऊ, म्बेयाहून ट्रक येईल. तिनेच सगळं जुळवलं — कोण किती दूध घालणार, टाकी कुठून आणायची, वीज कुठून ओढायची, ट्रकवाला कोण. शिकलेली नव्हती फार, पण डोकं असं चालायचं तिचं, की मला थांब म्हणावं लागायचं. आणि आम्ही गेलो तुझ्या बापाकडे.

वाईट बोलला का? नाही गं. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. गोड बोलला. बसा म्हणाला. सगळं विचारून घेतलं — ट्रकवाला कोण, टाकी कुठे मिळते, बायका कोण कोण. ग्वांत्वा सांगत गेली, फुलत गेली. मग म्हणाला जमीन दिराच्या नावावर आहे, त्याची सही आणा. दिराने सहीसाठी एक गाय मागितली. दिली. सही घेऊन गेलो तर साहेब बैठकीत. परत गेलो, साहेब दौऱ्यावर. किती दिवस त्या बँकेचे उंबरे झिजवले, माझं मला माहीत. आणि शेवटी एका दुपारी भेटला, खुर्चीत रेलून म्हणाला — अजून कानात आहे माझ्या — ‘गाय तारण ठेवता येत नाही, बाई. गाय मरते.’

मग? मग पाऊस संपायच्या आत चौकात टाकी आली. तीच जागा, तोच ट्रकवाला. मालक कोण? तुझा मामा. कर्ज कुणी दिलं? तुझ्या बापाने. आमचाच बेत, आमच्याच तोंडून काढून घेतलेला. आणि आम्ही काय केलं — दूध नेऊन त्याच टाकीत ओतलं, तो देईल त्या भावाने. करणार काय, केळीच्या बुडाशी ओतण्यापेक्षा बरं. ग्वांत्वा मात्र नाही गेली. एक दिवस नाही गेली. म्हणाली, स्वतःच्या डोक्यातली टाकी आणि तिच्यात मी पाहुण्यासारखी दूध घालू? गाय विकली आणि चुन्या गावी गेली, सोन्याच्या खाणींवर, खोदणाऱ्यांना जेवण रांधायला. म्हणाली दोन वर्षांत टाकीचे पैसे घेऊन येते. परत आली ती लॉरीतून, चादरीत गुंडाळून. तापाने गेली म्हणाले. तिकडचं पाणी खराब.

पाणी पी, पोरी. नको? मग ऐक पुढचं.

ही पतसंस्था मी का काढली, माहितीये? पाहुणे येतात दारेसलामहून, परदेशातूनसुद्धा, फोटो काढतात. त्यांना मी सांगते — छोट्या धंद्याला भांडवल मिळालं पाहिजे, गावचा पैसा गावात फिरला पाहिजे, बाईकडे जमीन नसेल तर तिचा शब्द तारण धरला पाहिजे. खोटं नाही त्यातलं काही. मी स्वतः दारोदार फिरून बायका जमवल्या, नासकं दूध पिणारी डुकरं विकून पहिलं भागभांडवल भरलं, आज उतारावरच्या अर्ध्या गोठ्यांत आमचा पैसा आहे. पण पावसात, गुडघाभर चिखलात, पहाटे अंथरुणातून उठायला एवढं चांगलं कारण पुरत नाही गं. मला उठवायचा तो तुझा बाप. मी स्वतःलाच म्हणायचे, ऊठ तुसेकिले, एक दिवस त्याला पैसा लागेल आणि बँक नाही म्हणेल. तुझ्या मामाने टाकी बुडवली, रातोरात दारेसलामला पळाला, त्याला जामीन राहिलेल्या तुझ्या बापाची जमीन गेली, तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन दोन्ही गुडघे टेकले. पाद्रीबाबांना वाटलं प्रार्थना करतेय. मी आभार मानत होते. त्यानंतर सभेत एक नियम करून घेतला — जामीनदाराने स्वतः यायचं, सगळ्या सभासदांपुढे उभं राहायचं आणि तोंडाने मागायचं. बायका म्हणाल्या, हा कशाला, लोक लाजतात. मी म्हटलं, त्याने भरवसा वाढतो. भरवसा कसला. मला तो तिथे उभा हवा होता. दूध घालणाऱ्या बायकांपुढे, टोपी हातात घेऊन.

म्हणून तुझे कागद थांबलेत. समितीतल्या बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात, माझी तेवढी राहिलीय. तुझी फळं उतरायला लागलीत हेही मला माहितीये. जिच्या झाडांची फळं तू घेणार त्या बायका आमच्याच सभासद आहेत, त्यांचं नुकसान होतंय, तेही कळतं. कळून थांबवलंय. तेव्हा घरी जा आणि बापाला सांग — शनिवारी सभा आहे. ये, उभा राहा, माग. तुसेकिलेने बोलावलंय म्हणून सांग. ग्वांत्वाच्या बहिणीने.

काय?

तो आलेला आहे म्हणजे? कुठे आलाय? बाहेर? दार उघड थोडं — तो? तो घोंगडी पांघरलेला? शिंप्याच्या पायरीवरचा? तो म्वाकालिंगा नव्हे. म्वाकालिंगा केवढा होता, दारातून आडवा जायचा. हा तर — हा म्हातारा रोज सकाळी असतो तिथे. याआधीही होता. तुझ्या कागदांचं काय झालं बघायला येतो, रोज?

मी त्याला रोज...

सकाळी येताना मी त्याच्यासमोर वाकते, बुपे. म्हातारं माणूस, थंडीत बसलेलं. वाकून ‘शिकामू’ म्हणते — पाय धरते तुमचे, म्हणतो ना आपण मोठ्यांना. आणि तो हात वर करून म्हणतो ‘मराहाबा’ — पोचला नमस्कार. घेतो. आजही घेतला. मी कोण आहे ठाऊक असून घेतो? ओळखतो ना मला?

नाही?

अजिबात नाही? नाव सांगितलंस तू त्याला? तुसेकिले म्हणून सांगितलंस, आणि काय म्हणाला? आठवत नाही म्हणाला. दुधाची टाकी म्हणालीस का, दोघी बहिणी म्हणालीस का — तुलाच ठाऊक नव्हतं, तू काय म्हणणार. बाकीचं आठवतं त्याला? बँक, गाडी, मामा? ते सगळं आठवतं. म्हणजे डोकं शाबूत आहे. फक्त आम्ही नाही आहोत त्यात. आम्ही कधी नव्हतोच. एवढी वर्षं मी... आणि माझ्याबद्दल काय म्हणाला? बोल, लाजू नकोस. — चांगल्या वळणाची बाई आहे. रोज वाकून नमस्कार करते, असं म्हणाला?

हं.

लेखणी दे इकडे. ती नाही, ती निळी. हे घे — ही माझी सही. तुझी खोली बांध. तोंड उघडू नकोस, आभार मानू नकोस, मी तुझ्यावर खूश नाहीये. आणि हे बघ, इथे, जामीनदाराचं नाव — खोडते मी. पेन्शन असू दे, बँकेत होता तर होता. या पतसंस्थेत सायमन म्वाकालिंगाची पत नाही. असं सांग त्याला, ह्याच शब्दांत सांग. त्याच्या जागी तुला फळं देणाऱ्या दोन बायका आण, कुठल्याही, अंगठा उठवणाऱ्या असल्या तरी चालतील. त्या म्हणाल्या बुपे पैसे फेडेल, तर बस झालं. आणि शनिवारी तो सभेत येणार नाही. नको मला तो तिथे. ज्याला काही आठवत नाही त्याला उभा करून मी काय बघू?

आता ऊठ. त्याला घेऊन जा, मागच्या गल्लीने ने. उद्या सकाळी मी येईन तेव्हा त्या पायरीवर तो मला दिसता कामा नये. सवय लागलीय जिभेला, दिसला तर पुन्हा तोच शब्द जाईल तोंडातून. जा म्हटलं ना. आणि दार ओढून घे.