आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत

मूळचा मी दापोलीकडचा, आणि आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, दोनच गोष्टींचा अभिमान, एक त्यांचं अक्षर आणि दुसरे त्यांचे केस, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोकं काळंभोर, आणि काही लावून नाही हो, खोबरेल सोडून त्या डोक्याला काही लागलं नाही, आणि दारावर येईल त्याला, अगदी पोस्टमनलासुद्धा, सांगायचे, आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत. त्याच घराण्यातला मी, पस्तिशीत कानशिलं पांढरी आणि चाळिशीला सगळं डोकं. अक्षर आलं असतं वाट्याला तरी चाललं असतं, तेही नाही आलं.

एक्क्याण्णव साली सिंगापूरला आलो, सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनीयर म्हणून. पहिल्या रजेवर गावी निघालो तेव्हा सुनंदा, आमची ही, म्हणाली, असे गेलात तर आबांना वाटेल तिकडे तुमचे हाल आहेत. झालं. स्वयंपाकघरात स्टुलावर मी, गळ्यात जुना टॉवेल, तिच्या हातात कलपाची वाटी आणि जुना टूथब्रश. गावी आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजाऱ्यांना म्हणाले, बघा, परदेशचं पाणी लागलं तरी केस आमचेच. मी लाजून मान खाली घातली, आणि मुळं दिसतील म्हणून लगेच वर केली.

एकदा लावला की सुटका नाही हो. दर तिसरा रविवार त्यात गेला. आणि यार्डातली ती गरमी, हेल्मेटखाली घाम, घामाबरोबर रंग. एकदा इंजिनरूममध्ये माझ्या कपाळावरून काळा ओघळ आला तर आमचा चिनी फोरमन टॉर्च घेऊन वरचे पाइप तपासायला लागला, ऑइल लीक लाह, म्हणाला, इथे प्रत्येक वाक्याला शेपूट म्हणून लाह लागतंच. अर्धा तास शोधलं. मीही शोधलं त्याच्याबरोबर, काय करणार.

मग ती मंदी आली. अठ्ठ्याण्णवमध्ये यार्डात निम्म्या जागा रिकाम्या, आणि तांजोंग पगारच्या हेड ऑफिसात एकेकाला बोलावून ठरवणार, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे आणि कोण घरी. कॉन्ट्रॅक्ट गेलं की इथे राहायचा पास गेला, पास गेला की चंबूगबाळं उचला, आणि लेकीचं, मानसीचं, ओ-लेव्हलचं, म्हणजे इथल्या दहावीचं, वर्ष. यार्डात जो तो म्हणे, म्हाताऱ्यांना आधी काढणार. सुनंदाने तिसऱ्या रविवारचा दर रविवार केला. डोकं खाजून खाजून लाल, तरी रविवारी मी स्टुलावर. आणि बोलावण्याची तारीख हातात पडली त्याच आठवड्यात गावाहून फोन आला, आबा गेले.

दहाव्याला नदीवर क्षौर. न्हाव्याने वस्तरा लावला आणि थांबला, हळूच म्हणाला, दादा, मुळं तर पांढरी. शेजारी धाकटा भाऊ बसलेला, त्याने ऐकलं, आणि मग माझं लक्ष त्याच्या डोक्याकडे गेलं. त्याचीही पांढरी. काय सांगू तुम्हाला, दोघे भाऊ वस्तऱ्याखाली माना घालून बसलो होतो, आणि रडू आलं ते आबा गेले म्हणून की आबांना दोघांनी मिळून इतकी वर्षं फसवलं म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

परत आलो तर लेक दारातच म्हणाली, पपा, सो बोटाक लाह. बोटाक म्हणजे टकलू. आणि त्या टकलावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे खुंट उगवायला लागलेले, चार दिवसांवर बोलावणं. सुनंदा ब्रश घेऊन आली आणि तशीच परत गेली. खुंटांना लावायचं म्हणजे टक्कलच काळं व्हायचं.

गेलो तसाच. आमच्या डायरेक्टर बाई बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. मग त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तुम्हाला पोरगा समजत होते. जहाजाचे मालक पांढऱ्या केसांशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. उद्यापासून त्यांच्याशी तुम्ही बोला.”

कॉन्ट्रॅक्ट मिळालं, दोन वर्षांचं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र रस्ताभर नुसता संताप, सात वर्षांचे रविवार, टॉवेल, उशांचे अभ्रे, ती खाज, आणि त्या पाइपांखाली घातलेला अर्धा तास. सुनंदाने देवापुढे साखर ठेवली, मग कारण ऐकलं आणि खुर्चीत बसून राहिली. म्हणाली, म्हणजे काळे केस कोणी मागितलेच नव्हते?

आता केस वाढलेत, पांढरेशुभ्र. एमआरटीच्या गाडीत मुलं उठून मला जागा देतात आणि ही उभी राहते, त्याचाही राग माझ्यावरच. पण खरी गंमत पुढे आहे. पुढच्या आठवड्यात आबांचं वर्षश्राद्ध. परवा भावाचा फोन आला. आबांच्या जागी ओसरीवर आता तो बसतो, आणि येईल त्याला सांगतो, आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत. मला म्हणाला, दादा, येताना तेवढं लावून ये.

म्हणून हा टॉवेल बघताय तुम्ही गळ्यात. तुमचे अजून काळे आहेत, तसेच राहोत, आणि नाही राहिले तर कोणाला घाबरू नका. जरा लांब बसा मात्र. रंग ओला आहे अजून.