दुर्गाबाईंचा आवाज

इलाइट चौराह्याजवळच्या घशाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या.

"इरा, ऑपरेशननंतर आवाज आलाच नाही तर?"

"येईल, आई. डॉक्टरजी म्हणाले ना, दोन महिने लागतील."

"फोन डब्याला टेकवून एकटीनं शिकले सगळं. स्वयंपाकाचे चारशे व्हिडिओ केले. ते आता बंदच."

"रसोई तुम्ही करा. बोलेन मी."

"मराठीत? तुझं निम्मं हिंदीच असतं."

"मग आजच शिकवा."

"म्हण, पुरणपोळी."

"पुरणपोली."

"ळ. जीभ मागे वळव."

"पुरणपोळी."

"आता सुरुवात कर."

"नमस्कार, मी दुर्गाबाईंची सून इरा. आईंचा घसा बरा होईपर्यंत मी बोलणार आहे."

"शेवटचं पुन्हा म्हण."

"चुकलं का काही?"

"नाही. तू म्हण."