मानाजी पैलवानाची दवंडी

मंडळी, एक सांगा — खरं बोललं तर पाप लागतं का? नाही! मग दुसऱ्याचं खरं, त्याला न विचारता, चार लोकांत बोललं तर? आता का गप्प? ऐका तर!

एका राज्यात जुना कायदा होता — सरकारात जे नोंदवलं जाईल, ते चावडीवर पुकारायचं! कायदा केला होता चुकल्या गुरांसाठी. "तांबडी गाय, शिंग मोडकं!" — ऐकलं की मालक येऊन घेऊन जायचा. पुढे राजानं दवाखाना काढला, माणसांची नोंद होऊ लागली. पण कायदा कोण बदलणार? दरबाराला जेवणातून सवड नको?

त्या गावात मानाजी पैलवान. छाती अशी, की दारातून आडवं व्हावं लागे! सगुणाशी लग्न ठरलेलं. दवाखान्यात वैद्याला हळूच म्हणाला, "मला अंधाराची भीती वाटते हो." वैद्यानं नोंद केली. सकाळी येसबा दवंडीवाला — ढुम् ढुम्! "मानाजी पैलवान! रंग सावळा! उशाशी दिवा लागतो होऽऽ!"

झालं! सगुणाच्या बापानं लग्न मोडलं. मानाजी घराबाहेर पडेना. मंडळी, हसू नका — बिचारा आत बसून रडत होता हो!

सगुणा थेट दरबारात! राजा म्हणाला, "पोरी, माहिती खोटी आहे का?"

"खरी आहे, महाराज. दिवा मी रोज लावला असता! पण हे मला त्यानं सांगायचं होतं, तुमच्या ढोलानं नव्हे. माणूस म्हणजे काय चुकलेली गाय?"

राजा म्हणाला, "कायदा सगळ्यांना सारखा!"

"मग तुमचीही नोंद असेलच की दवाखान्यात!"

दरबारात हजर असलेल्या येसबानं लगेच ढोल सावरला. "महाराजाधिराज! बसताना उशी —"

"थांब रे मेल्या!" राणीसाहेब पदरात तोंड लपवून हसतायत! प्रधान म्हणतो, "महाराज, कायदा बदलायला समिती —"

"आत्ता बदल!" राजा ओरडला. "ज्या कामाला माहिती घेतली, त्याच कामाला वापरा. काम झालं की पुसा. ज्याची त्याला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नका!"

संध्याकाळी सगुणा मानाजीच्या दारात उभी. तो मान खाली घालून म्हणाला, "सगुणे... मला पालीचीपण भीती वाटते."

ती खळखळून हसली. "हे मला ठाऊक नव्हतं!" तिच्यामागोमाग आलेल्या बापानं ते हसू ऐकलं, आणि मुकाट्यानं भटजींकडे निघाला.

राजानं कायदा बदलला हो. आणि आपण? परवा शेजारच्या सुनेचा दवाखान्याचा कागद मोबाईलवर आला, तेव्हा "अरेरे" म्हणत किती जणांना पुढे पाठवला? माना खाली घालू नका, माझ्याकडे बघा! ती सून याच मंडपात बसलीय. तिच्याकडे वळून बघू नका, एवढं तरी करा — आणि तोंड उघडायचंच असेल, तर देवाचं नाव घ्या!