राजा-राणीचा रिपोर्ट

आमच्या नगरच्या लॅबमध्ये डीएनएच्या आपोआप कॉप्या काढणारं मशीन नुकतंच आलं होतं. कर्जतच्या सलीमचाचांकडं लव्हबर्डची जोडी होती, राजा आणि राणी. अंडी व्हायची, पण पिल्लं काही निघेनात. घरचे म्हणाले, राणी बदलून आणा. चाचांचा जीव तिच्यात, म्हणून ते दोघांची पिसं घेऊन आमच्याकडं आले. पिसातल्या डीएनएवरून नर-मादी कळतं.

रिपोर्ट बघून मीच चक्रावलो. पुन्हा मशीन लावलं, उत्तर तेच. भीतभीत फोन केला.

"चाचा, तुमच्याकडं दोन्ही माद्याच आहेत."

"म्हंजे राणीत खोट न्हाई?"

"अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी चाचा जिलेबीचा पुडा घेऊन लॅबमध्ये हजर. म्हणाले, "तोंड गोड करा. मला दोन पोरी झाल्या."