लेबलावरची तिसरी ओळ

–नाही नाही, रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही, रंग झकास आलाय, आणि नासपतीही या वेळी नासपतीसारखी दिसतेय – मागच्या लेबलावर तुम्ही छापली होती ती बघून लोक विचारायचे, भोपळ्याचा जॅम आहे का हो? – माझं म्हणणं फक्त या तिसऱ्या ओळीबद्दल. ‘फळ आणि साखर, बाकी काहीही नाही.’ एवढी ठळक? ह्यांनी सांगितलं? ह्यांनीच सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार. बसा ना, त्या खुर्चीवर नको, पाक सांडलाय, या इकडच्या. तर – तोंडी म्हणतात ते ठीक आहे हो, बोललेलं वाऱ्यावर जातं. छापलेलं राहतं. मी कधी खोटं बोलत नाही असं नाही, पण दोन हजार बरण्यांवर, दोन हजार वेळा, एकदम? मला झोप यायची नाही. का म्हणजे? का म्हणजे... ते दार लोटून घ्या जरा. हे झाकणं आणायला गेलेत, पण त्यांचं काही सांगता येत नाही.

मी घालते. लिंबूसत्त्व. सायट्रिक अ‍ॅसिड म्हणतात ना, तेच – दहा किलोच्या पातेल्याला चार सपाट चमचे – अहो, तोंड असं काय करताय! अ‍ॅसिड म्हटलं की लोकांना वाटतं आता पोटाला भोक पडणार. लिंबात तेच असतं, संत्र्यात तेच, तुमच्या-माझ्या अंगातसुद्धा रोज तयार होतं – डॉक्टरीणबाईंना विचारूनच घेतलंय मी. आता कारखान्यात काही लिंबं पिळत बसत नाहीत, साखरेच्या पाण्यात बुरशी वाढवतात आणि तिच्याकडून करवून घेतात – हे कळल्यावर मीही दोन दिवस त्या डब्याला हात लावला नव्हता, खोटं कशाला सांगू – पण बुरशी तिथंच गाळली जाते, आपल्याकडे येते ती नुसती पावडर. आणि पाव कशानं फुगतो? तो खाताच ना? हां, नुसती पावडर चघळत बसलात तर दातांची वाट लागेल, डोळ्यात गेली तर नाचाल, पण मूठभर मीठ तरी कोण नुसतं खातं? किटलीत चमचाभर टाकून पाणी उकळा, आतला पांढरा थर साफ – हे मात्र गिऱ्हाइकापुढे बोलायचं नाही, लगेच म्हणतील, किटली घासायचं आम्हाला खायला घालता? अहो, पाण्यानं फरशी पुसतो, म्हणून पाणी प्यायचं सोडतो का आपण?

नासपती नुसती गोड हो, स्वभावानं गरीब, आंबटपणा असा नाहीच, आणि आंबट असल्याशिवाय जॅम धरत नाही. हे मला आता कळतं. लग्न होऊन आले तेव्हा कुठं कळत होतं? सासूबाईंनी सांगितलं तसंच केलं – फळ, साखर, मंद आच. सरबत झालं. परत केलं, परत सरबत. सहा पातेली. सातवं कसंबसं धरलं, तर आठवड्यात बुरशी. सासूबाई चमचा उंच धरायच्या, धार बघायच्या, आणि म्हणायच्या, ‘हाताला गुण लागतो गं, तो शिकवून येत नाही.’ नळ सोडून रडायचे मी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्या गेल्या, आणि हे म्हणाले, आता तूच. मग किराणावाल्यानं कानात सांगितलं हे लिंबूसत्त्वाचं. अकरा वर्षं झाली – झाकली मूठ सव्वा लाखाची! हे अजून पहिली बरणी उजेडात धरतात, वाकडी करतात, जॅम हलत नाही बघून म्हणतात, ‘आईचा हात तुझ्यात उतरला.’ कसं सांगू त्या माणसाला, तुम्हीच सांगा. आणि मला आपली उगाच रुखरुख – की उतरला नाही तो उतरलाच नाही. हे बघा, काय बोलत बसले मी, तुम्ही आलात कशाला आणि –

काय शोधताय पिशवीत? तुमच्या वडिलांची फाइल? म्हणजे आमचं पहिलं लेबल त्यांनीच – आणा, आणा. थांबा, चष्मा. हे सासूबाईंचंच अक्षर, रेघ न मारता सरळ लिहायच्या. ‘नासपती, साखर’ – आणि पुढे हे काय खोडलंय? जरा खिडकीशी धरा. लिं... बू... सत्...

अगं बाई.

खोडलंय पण त्यांनीच. शाई तीच. बाजूला काय लिहिलंय, वाचा तुम्ही, मला – ‘हे छापू नये.’

अहो सासूबाई! हाताला गुण म्हणे! तोंडातून हूं की चूं नाही काढलं शेवटपर्यंत, आणि मी वेडी नळ सोडून – नाही हो, हसतेच आहे, पाणी आपलं येतंय डोळ्यांतून, येऊ दे.

स्कूटर वाजली. लिहून घ्या पटकन – फळ, साखर, लिंबूसत्त्व. ठळक, अगदी तेवढंच ठळक. ह्यांना मी सांगते ना, मी घालते म्हणून. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, तिसऱ्या दिवशी जॅम मागतील. सासूबाईंचं नाव मात्र काढायचं नाही, तुम्हीही नाही. ह्यांना त्या तशाच राहू देत. आणि हा कागद माझ्याकडे राहील. नाही, परत मिळणार नाही. उठा आता, मागच्या दारानं निघा.