क्लच हळूहळू सोडायचा

वहिनी : कालचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उघडंच आहे ना समोर, त्यातच करा की भावजी. नवीन कशाला मांडत बसलाय?

भावजी : ती रंगाच्या डब्यांची जाहिरात आहे, वहिनी. त्यात आवाज घुमवलाय, खाली संगीत वाजतंय. तुमचा आवाज त्यात गेला तर तो तुमचा राहणारच नाही. कोरं सेशन उघडतो. दोन मिनिटं.

वहिनी : तुमची दोन मिनिटं माहीत आहेत मला. तिकडे दवाखान्यात पोर श्वास घ्यायला विसरतंय आणि तुम्ही...

भावजी : झालंच. याला नाव काय देऊ?

वहिनी : कशाला नाव?

भावजी : सेशनला. नाव दिल्याशिवाय पुढे जात नाही ते. 'बाळ' लिहू?

वहिनी : नाही! बाळ नको. मागच्या खेपेला नाव ठरवून बसले होते मी. टोपीवर विणूनसुद्धा घेतलं होतं. तसलं काही लिहू नका.

भावजी : बरं. 'वहिनी' लिहितो. चालेल?

वहिनी : चालेल. पुढे.

भावजी : त्या उंच स्टुलावर नका बसू, टाके ओढतील. ही खुर्ची घ्या. माइक खाली आणतो मी. ताप उतरला का?

वहिनी : उतरला असता तर त्यांनी आत सोडलं नसतं का मला? काचेपाशीसुद्धा उभं राहू देत नाहीत. जंतू जातील म्हणे. मीच त्याची आई आणि मीच त्याचा जंतू.

भावजी : हेडफोन लावा. काहीतरी बोला, आवाज किती येतोय बघतो.

वहिनी : काय बोलू? हॅलो, हॅलो... अहो हे काय! माझंच बोलणं मला मागून ऐकू येतंय. डोकं फिरेल माझं.

भावजी : सेटिंग राहिलं. आता बघा.

वहिनी : हां. आणि ही टिकटिक कसली?

भावजी : ताल धरण्यासाठी असते. या नव्या सेशनमध्ये आपोआप चालू झाली. केली बंद. पंखा, एसी, बाहेरचा फ्रिज, सगळं बंद आहे. नर्स नेमकं काय म्हणाली दादाला?

वहिनी : आईचा आवाज लावून बघू म्हणाली, अगदी बारीक. काही मुलं त्या आवाजाने श्वासाला लागतात म्हणे. सकाळी ह्यांनी फोनवरच भरून नेला. त्यात खालून गेलेल्या ट्रकचा हॉर्न होता, कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो वाजला आणि पोर असं दचकलं, असं दचकलं... निळं पडलं, भावजी. आता ती म्हणते, स्वच्छ आवाज आणा, माझी ड्यूटी संपायच्या आत. नंतर येतात त्या बाई असलं काही ऐकून घेत नाहीत.

भावजी : म्हणून तर इथे स्टुडिओत आणलं तुम्हाला. बोला आता. मी तिकडे तोंड करून बसतो.

वहिनी : बाळा... मी आई. मी बाहेरच आहे रे. कुठे गेले नाही. मला आत येऊ देत नाहीत. सगळे सांगत होते, आता घरी बस, आणि मी कामावर जात राहिले. माझ्यामुळेच तू असा लवकर आलास. चुकलं माझं. तू फक्त राहा. बाकी काही नको मला, काही मागणार नाही मी तुझ्याकडे. राहा रे... झालं. बंद करा. बंद करा म्हटलं ना!

भावजी : वहिनी...

वहिनी : काय?

भावजी : आलंच नाही.

वहिनी : काय आलं नाही?

भावजी : रेकॉर्डिंग. ट्रॅक उघडला, पण त्याचं लाल बटण दाबायचं राहिलं. रेषा पुढे सरकत होती, मला वाटलं भरतंय. कोरंच आहे सगळं.

वहिनी : कोरं?

भावजी : रोज करतो हो मी हे काम. डोळे मिटून करतो. आज हातच ताळ्यावर नाहीत माझे.

वहिनी : आतडं काढून ठेवलं मी तुमच्यापुढे आणि तुम्ही बटण विसरलात! मला नाही जमायचं पुन्हा. ह्यांना फोन लावा. सांगा, नाही झालं. काय व्हायचं ते होऊ दे.

भावजी : काय सांगू दादाला? कालपासून त्या बाकावरून हलला नाहीये तो. वहिनी, एक बोलू? रागवा हवं तर.

वहिनी : बोला.

भावजी : आलं नाही ते बरंच झालं. तुम्ही रडत होता. तुमचं रडणं त्याच्या ओळखीचं आहे का? एवढे महिने पोटात बसून त्याने काय ऐकलं? दिवसभर गाडीत शिकाऊ लोकांना तुम्ही जे सांगता ते.

वहिनी : काहीतरीच काय! पोर असं अधांतरी आहे आणि मी त्याला क्लच शिकवू?

भावजी : शिकवा. मलाही तुम्हीच शिकवलीत ना गाडी? स्टिअरिंगला हात लावला की घाम फुटायचा मला. तुम्ही शेजारून बोलायला लागलात की पाय थरथरायचे थांबायचे. तो आवाज द्या त्याला. आणि हे बघा, लाल बटण. पेटलंय. तुम्हीही बघून घ्या.

वहिनी : पेटलंय.

भावजी : मग बसा त्याच्या शेजारी.

वहिनी : ...बसलास नीट? पाठ टेकव. स्टिअरिंग इतकं आवळायचं नाही, ते कुठे पळून जात नाही. हां. आता क्लच दाब. पूर्ण. पहिला गिअर टाक. मागचे थांबतील, आपल्याला घाई नाही. आता हळूहळू सोड... अजून हळू... सरकली बघ. सरकली ना? बंद पडली तर पडू दे. सगळ्यांची पडते. घाबरायचं नाही, पुन्हा चालू करायची. माझ्या पायाखालीपण ब्रेक आहे. मी आहे शेजारी. चल. क्लच दाब... आता हळूहळू सोड...

भावजी : आलं. सगळं आलं, वहिनी. ही बघा रेषा. मधे हे बारीक बारीक दिसतंय ना, तो तुम्ही घेतलेला श्वास.

वहिनी : तो काढू नका.

भावजी : नाही काढत. जाहिरातीत काढतो. पाठवलं दादाला.

(बऱ्याच वेळाने दवाखान्यातून दादाचा फोन.)

वहिनी : अहो, मिळालं का? लावलं का तिने?

दादा : लावलं. छोटा स्पीकर ठेवलाय त्याच्या काचपेटीत, कापडाखाली. मला काचेतून दिसतंय.

वहिनी : दचकला?

दादा : नाही.

वहिनी : मग? बोला ना हो!

दादा : मधे श्वास थांबला होता त्याचा. यंत्र वाजायला लागलं. श्वास चालू व्हावा म्हणून नर्सने पाय चोळायला हात आत घातला...

वहिनी : आणि?

दादा : हात लागायच्या आधीच घेतला श्वास. आपला आपण.

भावजी : वहिनी, बसा. आधी खाली बसा. दादा, आणि आता?

दादा : थांब, बघतोय... हां. पुढचाही घेतला.